सातबारा कुणाच्या नावावर?

प्रति,
ब्रिटिश स्पीडवे प्रमोटर्स लिमिटेडचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी वुल्व्हरहॅम्प्टनला राहते. पेशाने नर्स आहे, माहेर सातारा जिल्ह्यातलं. २०२३ चा हंगाम संपला तसा आमच्या गावातला स्पीडवे, म्हणजे मोटारसायकलच्या शर्यतींचा खेळ, तोही संपला. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतं आहे. याचं इंग्रजी माझा मुलगा करून देणार आहे, ते तुमच्याकडे येईलच. पण मूळ पत्र मराठीत लिहिते आहे, कारण जे सांगायचं आहे त्याला नेमका शब्द मला मराठीतच सापडला. शिवाय इथल्या आमच्या मराठी मंडळींनीही ते वाचावं असं वाटतं. आपल्या घरापासून दोन-तीन मैलांवर दर सोमवारी काय चालायचं, हे त्यांतल्या कित्येकांना कधी कळलंच नाही. कळलं तेव्हा फाटकाला कुलूप होतं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. आजोबा हे नाव माझ्या मुलाने दिलेलं. ते जन्मापासून इथले, काळ्या कोळशाच्या मुलखातले. १९७१ साली ओले ओल्सन जगज्जेता झाला तेव्हा तो वुल्व्हरहॅम्प्टनचा रायडर होता, हे त्यांनी ओळख झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत मला सांगितलं होतं. २०१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला कुंपणावरून विचारलं, "सोमवारी येतोस का रे?" मुलाला एकट्याला कसं पाठवायचं म्हणून मीही गेले.

मॉनमोर ग्रीनच्या फाटकातून आत शिरले आणि आधी वास आला. मिथेनॉलचा, आणि त्यात जळक्या एरंडेलाचा. लहानपणी आजी नाक दाबून एरंडेल पाजायची, तो वास मी तीस वर्षांत विसरले नव्हते. इथे तो गरम आणि गोडसर होऊन समोर आला. मग आजोबांनी एका मोटारसायकलवरचं नाव बोटाने दाखवलं: जावा. माझ्या काकांकडे येझदी होती, म्हैसूरच्या कारखान्यातली. तिची आई जावा, हे आमच्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्या जावाची ही ब्रेक नसलेली बहीण चेक देशातल्या दिविशोव नावाच्या गावात जन्माला येते, हे मला त्या सोमवारी कळलं. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. त्यानंतर दहा वर्षं, कामाची पाळी आडवी आली नाही तर, सोमवारची संध्याकाळ ठरलेली.

तुम्हाला हा खेळ समजावून सांगायला नको, पण माझ्या मराठी वाचकांना सांगते. चार रायडर, चार फेऱ्या, साधारण एका मिनिटाचा खेळ. पाचशे सीसीचं एकच सिलिंडर असलेलं इंजिन, गिअर एकच, आणि ब्रेक नाही. ट्रॅक दगडाच्या चुऱ्याचा, त्याला शेल म्हणतात. वळण आलं की रायडर मागचं चाक मुद्दाम घसरवतो, डाव्या पायातला पोलादी तळवा जमिनीला लावतो, हँडल वळणाच्या उलट्या दिशेला धरतो आणि गाडी आडवी ठेवून पूर्ण वेगात वळण काढतो. वेग कमी करायचा म्हणजे काय करायचं, हा प्रश्नच या खेळात नाही. वेग कुठे न्यायचा एवढाच प्रश्न असतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. यजमानांची हेल्मेटं लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. एका सामन्यात अशा पंधरा शर्यती, प्रत्येक संघात सात जण. दोघा जोडीदारांनी पहिला आणि दुसरा नंबर पटकावला की पाच-एक होतं, आणि त्या वेळी स्टँडमधली अनोळखी माणसं एकमेकांचे खांदे धरतात. आम्ही तिसऱ्या वळणावर उभे राहायचो. तिथे चुरा अंगावर येतो. घरी आल्यावर मुलाच्या केसांतून, कानांतून, कधी खिशातून शेल निघायचं.

त्याच २०१३ साली ताय वॉफिंडेन जगज्जेता झाला, आमचा रायडर असताना. २०१६ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनने एलिट लीग, म्हणजे तेव्हाची सर्वोच्च लीग, जिंकली. हा ट्रॅक पहिल्यांदा १९२८ साली सुरू झालेला. म्हणजे इंग्लंडात एपिंगच्या जंगलात हाय बीचला १९ फेब्रुवारी १९२८ रोजी तो गाजलेला पहिला मेळावा भरला, त्याच वर्षी. मध्ये खंड पडले, पण गावाच्या आठवणीतून तो ट्रॅक कधी गेला नाही. एवढं सगळं पदरात असलेला क्लब एका कागदाने बंद झाला. मैदानाच्या मालकांनी भाडेकरार पुढे न वाढवण्याचं ठरवलं. ही बातमी आली तेव्हा २०२३ चा हंगाम ऐन भरात होता. राहिलेले सामने आम्ही आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे पाहिले. माझ्या कामात मी असं बसणं खूप पाहिलं आहे. लोक जास्त वेळा येतात, जास्त हसतात, आणि निघताना पाय निघत नाही.

तो हंगाम तुमच्या नोंदीत कसा लिहिला गेला असेल याची मला कल्पना आहे. सात संघ: बेल व्ह्यू, इप्सविच, किंग्ज लिन, लेस्टर, पीटरबरो, शेफील्ड आणि वुल्व्हरहॅम्प्टन. अंतिम सामन्यात शेफील्डने इप्सविचला हरवलं आणि पहिल्यांदाच सर्वोच्च विभागाचं विजेतेपद मिळवलं. ओवलर्टनच्या, म्हणजे शेफील्डच्या मैदानावरच्या, लोकांनी त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली हे मी जाणते, त्यांचा आनंद खरा होता. इप्सविचकडे जेसन डॉयल आणि एमिल सायफुतदिनोव असे दोन दादा रायडर होते. बेल व्ह्यूचा डॅन ब्यूली बाहेरच्या बाजूने भिंतीला खेटून येताना पाहिला की श्वास अडकायचा. सुंदर हंगाम होता तो, याबद्दल दुमत नाही. पण त्याच हंगामाअखेर सातांतले दोन संघ घर गमावून बसले. आमच्याबरोबर पीटरबरोही गेलं. तिथे १९७० पासून शर्यती होत होत्या, आणि दोनच वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, ते विजेते होते. हॅन्स अँडरसन, ब्यार्ने पेडरसन, स्कॉट निकल्स, ख्रिस हॅरिस अशा चाळिशीच्या आसपासच्या मंडळींचा संघ. हंगामाआधी त्यांना कुणी हिशेबात धरलं नव्हतं, आणि त्यांनी भल्याभल्यांना धूळ चारली. आता त्या जागेवर घरांची योजना आहे.

२०२४ मध्ये बर्मिंगहॅम आणि ऑक्सफर्ड वरच्या विभागात आले आणि संघ पुन्हा सात झाले. कागदावर आकडा जुळला. मला वाटतं तुमची चूक इथेच होते. दर हिवाळ्यात तुम्ही आकडा जुळवता.

मी एकदा बसून यादी केली. १९९७ मध्ये एलिट लीग सुरू झाली तेव्हापासून २०२४ पर्यंत अकरा क्लब सर्वोच्च विभागाचे विजेते झाले. ब्रॅडफर्ड, इप्सविच, पीटरबरो, ईस्टबोर्न, ऑक्सफर्ड, वुल्व्हरहॅम्प्टन, पूल, कॉव्हेंट्री, स्विंडन, बेल व्ह्यू, शेफील्ड. यांतल्या सहा क्लबांचा स्पीडवे २०२४ पर्यंत बंद झालेला होता. ब्रॅडफर्ड तर १९९७ ची पहिलीवहिली एलिट लीग जिंकून त्याच हंगामानंतर बंद झालं. स्विंडनने २०१२, २०१७ आणि २०१९ अशी तीन विजेतेपदं घेतली, आणि २०१९ नंतर ॲबी स्टेडियमवर त्यांची एकही शर्यत झाली नाही. २०१७ मध्ये जेसन डॉयल जगज्जेता झाला तो त्यांचाच रायडर होता. कॉव्हेंट्री २००५, २००७ आणि २०१० चे विजेते. ब्रँडनच्या मैदानावर त्यांचा शेवटचा हंगाम २०१६ चा. ऑक्सफर्डचा ट्रॅकही दहा वर्षांहून जास्त काळ बंद होता, तो २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला म्हणून या सहांत नाही. ब्रॅडफर्ड आणि ईस्टबोर्नच्या कहाण्या निव्वळ जमिनीच्या नव्हेत, हे मी मान्य करते. पण उरलेल्या चारांची गोष्ट एकच आहे. खेळ त्यांचा, प्रेक्षक त्यांचे, करंडक त्यांचा, जमीन दुसऱ्याची.

माझे आजोबा, खरेखुरे, आईचे वडील, कूळ होते. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. त्यांच्या वडिलांनीही तीच जमीन कसली होती. बांध घातले, दगड वेचले, विहिरीचा गाळ उपसला. पण सातबाऱ्यावर नाव सावकाराचं. सातबारा हा आमच्याकडचा जमिनीचा उतारा. त्याच्या एका भागात मालक कोण ते लिहिलेलं असतं, दुसऱ्या भागात पीक कोणतं ते. माझे आजोबा त्या दुसऱ्या भागात होते. दर वर्षी सुगी झाली की पुढच्या वर्षी जमीन राहील की जाईल याची धास्ती. आजी सांगायची, त्या धास्तीत त्यांनी बांधावर कधी आंब्याचं झाड लावलं नाही. आंबा धरायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं आपली आहेत का हेच ठाऊक नाही. १९४८ चा कूळकायदा झाला, आणि मग १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवसापासून कसणारा मालक मानला जाऊ लागला. आमच्या आजोबांच्या नावावर अडीच एकर लागली. त्या पावसाळ्यात त्यांनी आंबे लावले. ते आजही आहेत.

मॉनमोर ग्रीन बंद झाल्याची बातमी वाचली तेव्हा मला पहिला शब्द आठवला तो हाच. कूळ. तुमचे क्लब कुळं आहेत, आणि तुम्ही त्यांचा कूळकायदा कधी मागितलाच नाही.

कसं घडत आलं हे मला दिसतं. स्पीडवेला आठवड्यातून एक रात्र लागते, म्हणून तो बहुतेक ठिकाणी श्वानशर्यतींच्या मैदानात किंवा प्रदर्शनाच्या आवारात पोटभाडेकरूसारखा राहिला. एका रात्रीसाठी अख्खं मैदान कोण विकत घेणार? हिशेब तेव्हा बरोबरच होता. पण शहरं वाढली, जमिनीचे भाव वाढले, आणि मैदानाच्या मालकाला उरलेल्या सहा रात्रींचं उत्पन्न किंवा घरबांधणीची रक्कम जास्त दिसू लागली. इंग्लंड आणि वेल्सच्या १९५४ च्या भाडेकरार कायद्याने व्यावसायिक भाडेकरूला करार पुढे चालू ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. पण तोच हक्क करारात लिहून सोडूनही देता येतो. तुमच्यापैकी किती जणांनी तो सोडून दिला आहे? माझा प्रश्न सरळ आहे. हंगामाचं तिकीट विकत घेणाऱ्या माणसाला याचं उत्तर मिळायला हवं.

आणि कृपा करून असं म्हणू नका की क्लब दुसरीकडे खेळू शकतो. क्रिकेटचा संघ दुसऱ्या मैदानावर जातो, फुटबॉलचाही जातो. स्पीडवेचा संघ म्हणजे त्याचा ट्रॅक. वळण किती घट्ट, सरळ पट्टा किती लांब, शेल किती खोल, पाऊस पडून गेल्यावर पकड आत मिळते की बाहेर, यावर रायडर निवडले जातात, इंजिन लावली जातात, विजय मिळतात. आमचा ट्रॅक लहान आणि घट्ट होता; सुरुवातीची टेप उडाल्यावर पहिल्या वळणात जो आत शिरला त्याची अर्धी शर्यत जिंकलेली असायची. तो ट्रॅक काढून घेतला की उरतं ते नाव आणि अंगरख्यावरचा लांडगा, आमच्या संघाचं चिन्ह. कॉव्हेंट्रीने २०१८ मध्ये लेस्टरच्या ट्रॅकवर तिसऱ्या स्तराच्या लीगमध्ये एक हंगाम काढून पाहिला. क्रेडली हीथचे लोक काही वर्षं आमच्या मॉनमोरवर पाहुण्यासारखे शर्यती खेळले. १९८१ आणि १९८३ चे लीग विजेते, ब्रूस पेनहॉल आणि एरिक गुंडरसन यांचा क्लब, १९९५ अखेर डडली वुडचं मैदान गेलं आणि तिथे घरं झाली. शेजारचे आजोबा मला एकदा म्हणाले, "क्रेडलीचं मैदान गेलं तेव्हा आमच्यातले काही जण खूश झाले होते. वैरी गेला म्हणून." आणि मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

त्याहून जुनी गोष्ट लंडनची आहे. १९६५ मध्ये अठरा संघांची ब्रिटिश लीग सुरू झाली, तिचे पहिले विजेते वेस्ट हॅम. त्यांचं कस्टम हाउसचं मैदान १९७२ मध्ये बंद झालं. तिथे वस्ती झाली, आणि वस्तीतल्या रस्त्यांना स्पीडवेच्या माणसांची नावं दिली: विल्किन्सन रोड, क्रूम्ब्स रोड, हॉस्किन्स क्लोज. मी ते रस्ते चालून आले आहे. ब्लूई विल्किन्सन १९३८ चा जगज्जेता. त्याच्या नावाच्या पाटीखाली गाड्या उभ्या होत्या, एका घरापुढे मुलांची तिचाकी सायकल पडली होती. घरं लागतातच लोकांना, मला त्या घरांचा राग नाही. मी स्वतः अशाच एका नव्या वस्तीत राहते. पण अर्धशतकापूर्वी पहिल्या विजेत्यांच्या बाबतीत जे घडलं तेच २०२३ मध्ये घडत असेल, तर मधल्या काळात तुमच्या संघटनेने नेमकं काय राखलं?

नियम राखले, हे मला माहीत आहे. दर वर्षी बैठकीत संघाची गुणमर्यादा ठरते, सरासरीची गणितं बदलतात, कोणता रायडर दोन विभागांत खेळू शकतो आणि जखमी रायडरच्या जागी पाहुणा कोण घ्यायचा याचे नवे नियम येतात. पाहुण्या रायडरबद्दल मी इथे लिहीत नाही. काल आपल्याविरुद्ध खेळलेला माणूस आज आपल्या अंगरख्यात दिसतो तेव्हा मुलांना काय समजावायचं, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की पायाखाली जमीन नसताना गुणमर्यादेवर रात्र रात्र वाद घालणं म्हणजे घराचं छत गळत असताना पडद्यांचा रंग निवडणं आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी स्वतःचे पैसे या खेळात घातले आहेत, काहींनी आयुष्यं घातली आहेत. आमच्या क्लबच्या चालकांनी किती वर्षं खस्ता खाल्ल्या हे वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. मी कुणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. एकटा प्रमोटर मोठ्या जमीनमालकापुढे काय करणार? आमचे आजोबाही सावकारापुढे एकटे काही करू शकले नव्हते. म्हणून तर मी हे पत्र एका क्लबला न लिहिता तुम्हा सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

मँचेस्टरकडे पाहा. बेल व्ह्यूने १९८७ मध्ये हाइड रोडचं जुनं मैदान गमावलं आणि मग जवळजवळ तीस वर्षं श्वानशर्यतींच्या मैदानात काढली. २०१६ मध्ये मँचेस्टर महापालिकेच्या पुढाकाराने नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं, स्पीडवेसाठीच बांधलेलं. उद्घाटनाच्याच रात्री ट्रॅक धोकादायक ठरला आणि लोक शर्यती न बघता घरी गेले. त्या हंगामानंतर क्लबची मालकी बदलली. दुसऱ्या कुठल्याही गावात क्लब तिथेच मेला असता. इथे मेला नाही, कारण मालक बदलला तरी मैदान जागेवर होतं. ते कुणा प्रमोटरचं नव्हतंच, शहराचं होतं. २०२२ मध्ये बेल व्ह्यू विजेते झाले, १९९३ नंतर पहिल्यांदा, आणि २०२४ मध्ये पुन्हा. जमिनीचा प्रश्न सुटला की आंबे लावता येतात ते असे. लेस्टरने १९८३ मध्ये ब्लॅकबर्ड रोडचं मैदान घालवलं आणि अठ्ठावीस वर्षांनी, २०११ मध्ये, बोमाँट पार्कवर नवा ट्रॅक उभा केला. ज्यांनी तो उभा केला त्यांना माझा नमस्कार. पण अठ्ठावीस वर्षं म्हणजे एक पिढी. आमच्या शेजारच्या आजोबांकडे अठ्ठावीस वर्षं नाहीत.

पोलंडकडे तर तुम्ही रोजच पाहता, कारण तुमचे चांगले रायडर रविवारी तिथे असतात. तिथे पैसा जास्त आहे असं आपण म्हणतो. तो का आहे? तोरुन शहराने २००९ मध्ये मोटोअरेना बांधलं. शहराला आपलं मैदान रिकामं परवडत नाही, म्हणून शहर क्लबच्या पाठीशी उभं राहतं. इथे उलटं आहे. इथल्या मैदानमालकाला तुमची रात्र रिकामी गेली तरी चालते.

आणि लढून काय मिळतं तेही तुमच्यासमोर आहे. ब्रँडनच्या जागेवर घरं बांधण्याचा अर्ज रग्बीच्या स्थानिक परिषदेने २०२२ मध्ये नाकारला, त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं. तिथे मैदानाची नासधूस झाली होती, आगी लागल्या होत्या, गवत माजलं होतं. तरी चौकशीत खेळाची जागा ही खेळाची जागाच मानली गेली. हे कुणी केलं? कॉव्हेंट्रीच्या प्रेक्षकांनी. स्पीडवे आणि स्टॉक कारच्या लोकांनी मिळून समिती केली, कागदपत्रं गोळा केली, वर्षानुवर्षं बैठकांना हजर राहिले. साध्या माणसांनी नोकऱ्या सांभाळून जे केलं, ते तुमच्या संघटनेने प्रत्येक मैदानासाठी, मैदान चालू असतानाच का करू नये?

म्हणून माझं मागणं आहे. पुढच्या हंगामात प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे सर्वोच्च विभागात, येणाऱ्या प्रत्येक क्लबने आपला भाडेकरार कधी संपतो ते वर्ष जाहीर करावं. रक्कम नको, अटी नकोत, फक्त वर्ष. हंगामाचं तिकीट काढणाऱ्या, मुलाला लांडग्याचा अंगरखा घेऊन देणाऱ्या माणसाला तेवढा हक्क आहे. करार संपायला पाच वर्षं उरली असतील तर ती क्लबची खाजगी बाब न राहता तुम्हा सगळ्यांची बाब व्हावी, आणि महापालिकेकडे, मैदानमालकाकडे, नियोजन समितीकडे एकटा प्रमोटर न जाता सगळी लीग जावी. प्रत्येक तिकिटामागे थोडे पेन्स जमिनीच्या निधीसाठी वेगळे काढा आणि त्याचा हिशेब दरवर्षी छापा. मी माझ्या तिकिटावर आनंदाने जास्त देईन. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्या निधीतून उद्या मैदान विकत घेता येणार नाही हे मला कळतं. पण वकील करता येतो, वास्तुविशारद करता येतो, नियोजनाचा अर्ज वेळेत आव्हान देऊन अडवता येतो. २०१८ पासून इंग्लंडच्या नियोजन धोरणातच म्हटलेलं आहे की जुन्या मैदानाशेजारी नवी घरं बांधणाऱ्याने आवाजाची तजवीज स्वतः करायची, तिचा बोजा मैदानावर टाकायचा नाही. अशा तरतुदी कपाटात पडून राहतात, कारण त्या घेऊन उभा राहणारा माणूस नसतो. तो माणूस ठेवा. पगारावर ठेवा.

आणि प्रेक्षकांना कागदावर आणा. आम्ही तिकिटं काढतो, गाणी म्हणतो, पावसात उभे राहतो, पण तुमच्या संघटनेत आमचं कुणी बसत नाही. पीकपाहणीच्या रकान्यात तरी आमचं नाव लिहा.

मॉनमोर ग्रीनच्या शेवटच्या रात्री शर्यती संपल्यावर लोक बराच वेळ गेले नाहीत. दिवे अर्धे मालवले तरी उभे होते. माझा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, माझ्यापेक्षा हातभर उंच. त्याने खाली वाकून तिसऱ्या वळणाजवळची मूठभर शेल उचलली आणि खिशात टाकली, नऊ वर्षांचा असताना नकळत भरून यायची तशी. ती आता आमच्या देवघराशेजारच्या फळीवर काचेच्या बरणीत आहे. शेजारच्या आजोबांनी काही उचललं नाही. ते म्हणाले, "माती तिथेच राहू दे, परत यायचं आहे ना."

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना गाडीने लेस्टरला घेऊन गेले. जाताना ते बोलत होते. शर्यती चांगल्या झाल्या, एकीचा निकाल तर शेवटच्या वळणात लागला. परत येताना मी विचारलं, पुढच्या आठवड्यात जाऊ या का? ते म्हणाले, "चांगला ट्रॅक आहे. पण माझा नाही ना." सोमवारी संध्याकाळी ते अजूनही साडेसहाला कोट घालतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालून परत येतात.

तुमची पुढची वार्षिक बैठक होईल तेव्हा तिच्या विषयपत्रिकेची एक प्रत मला पाठवा. इतिवृत्त नको, ठराव नकोत. पहिल्या क्रमांकावर कोणता विषय आहे तेवढा मी बघेन आणि शेजारी जाऊन वाचून दाखवेन.

आपली,
मॉनमोर ग्रीनच्या तिसऱ्या वळणावर उभी राहणारी एक प्रेक्षक
वुल्व्हरहॅम्प्टन